गच्चीवरचा डबा

खरं तर बिघडलं होतं ते देवीदास बोरकरचंच नेट. मॅच ऐन रंगात आली की पडद्यावर चकरी फिरायची, वर गेलेली बॅट तशीच वर राहायची आणि चेंडूचं काय झालं ते गल्लीतल्या ओरड्यावरून कळायचं. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाच्या घरी लाईन चालू नये, याची त्याला शरमच वाटत होती. चार दिवस कळ काढून त्याने कंपनीला फोन लावला आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी केतन आला. केतन कंपनीचा मेकॅनिक, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, बोलायला गोड. त्याने आल्या आल्या टीव्हीच्या मागे कोंबलेला राउटर बाहेर काढला, लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून 'अंकल, ये सारा सिग्नल खा जाता है' म्हणाला, मोबाईलवर स्पीड मोजला, मग लॅपटॉपला तार जोडून पुन्हा मोजला. आकडा काही वर चढेना. 'चलो, ऊपर का डब्बा देख लेते हैं,' असं म्हणून तो जिना चढला. डबा देवीदासच्याच गच्चीच्या कठड्यावर होता. कंपनीने लाईन टाकली तेव्हा चार घरांच्या मधोमध हीच गच्ची पडत होती, आणि देवीदासने जुन्या खात्याच्या ममतेने लगेच परवानगी दिली होती. केतनने झाकण उघडलं. आत केसासारख्या बारीक चार पांढऱ्या तारा होत्या, प्रत्येकीला घराच्या नावाची चिठ्ठी, आणि देवीदासची तार झाकणाच्या कडेत दुमडून बसली होती. 'ये देखिए,' केतन म्हणाला, 'आपके जमाने का तांबा नहीं है अंकल, कांच है. मोड़ दो तो टूटता नहीं, रोशनी बाहर भाग जाती है. नेट चलता भी है, नहीं भी चलता. ढूंढते रहो.' त्याने तार सोडवली, मोठ्या वळणाने नीट बसवली आणि खाली स्पीड बघायला गेला. देवीदास एकटा उरला. हात रिकामा राहायची त्याला सवय नव्हती. काच म्हणजे किती काच हे बघावं म्हणून त्याने शेजारची तार करंगळीभोवती हलकेच गुंडाळली. आणि मागच्या घराच्या खिडकीतून आवाज आला, 'हॅलो? हॅलो? अनिमेष, अरे थांबलास का तू? हॅलो?' त्याने करंगळी सोडली. 'हां, आलास, आलास,' खिडकी म्हणाली. त्याने पुन्हा गुंडाळली. 'हॅलो? हॅलो?'

तो हॅलो त्याच्या कानात एकतीस वर्षं पडून होता. त्र्याण्णव साली जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या एका सरकारी बंगल्यात त्याने नवा फोन बसवला होता. तेव्हा तो लाईनमन होता, एकतीस वर्षांचा, घमापुरातून सायकलवर येणारा, खांद्याला वायरचं भेंडोळं. भय्यासाहेब पोतनीस पाटबंधारे खात्यात साहेब होते आणि सात वर्षं नंबर लागायची वाट बघत होते. त्या काळात फोन घरी येणं म्हणजे लग्न ठरल्यासारखं असायचं. शेजारचे डोकावून जायचे, मुलं भोवती फेर धरायची. पोतनीसबाई, वसुधाबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. देवीदास खांबावरून खाली सहकाऱ्याला मराठीत काहीतरी ओरडला आणि बाई एकदम म्हणाल्या, 'अय्या, तुम्ही मराठी!' जबलपुरात ही एक गंमत आहे. चहूकडून हिंदी वाहत असते, त्यात कुठे एक मराठी शब्द ऐकला की माणूस बुडताना काठी सापडावी तसा तो धरतो. त्याला आत बोलावलं गेलं. सोनेरी काठाच्या कपात चहा आला, सोबत घरची शंकरपाळी आली. भय्यासाहेब स्वतः येऊन बसले. 'आपला माणूस आला, आता काम पक्कं होणार,' असं म्हणाले. देवीदासने त्या वेळी बाईंना वहिनी म्हटलं होतं, आपणहून, तोंडातून निघूनच गेलं. फोन लागला, वहिनींनी पहिला हॅलो केला, पलीकडून एक्स्चेंजचा माणूस बोलला तरी त्या कितीतरी वेळ 'हॅलो? हॅलो?' करत हसत राहिल्या. आणि मग भय्यासाहेबांनी तो प्रश्न विचारला, जो अशा चहात शेवटी कोणीतरी विचारतोच. 'बोरकर म्हणजे कुठले बोरकर तुम्ही?'

देवीदास खोटं बोलू शकला असता. बोरकर सगळ्यांत असतात. पण तो नाकासमोर चालणाऱ्या बापाचा मुलगा होता. 'पवनीचे. भंडारा जिल्हा. आम्ही बौद्ध,' तो म्हणाला. 'अच्छा, अच्छा. छान,' भय्यासाहेब म्हणाले आणि उठून आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांनी बाईंना हाक मारली. देवीदासने सही घेतली, सायकल काढली, कोपऱ्यापर्यंत गेला आणि त्याच्या लक्षात आलं की पक्कड विसरली. तो परत आला. जाळीच्या दारातून त्याला वसुधाबाई दिसल्या. त्या ओल्या फडक्याने फोन पुसत होत्या. वरवर नाही, मन लावून. कानाची बाजू, तोंडाची बाजू, आकड्यांची भोकं, एकेक. सोनेरी काठाचा कप बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता, एकटा. बाईंनी वर बघितलं. दोघांची नजर भेटली, चांगली भेटली, हे तो आजही शपथेवर सांगेल. 'काही राहिलं का?' त्यांनी विचारलं. 'पक्कड,' तो म्हणाला. त्यांनी पक्कड आणली, जाळीचं दार अर्धं उघडलं आणि ती त्याच्या पुढे केलेल्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली. तो वाकला, ती उचलली, 'येतो' म्हणाला. घरी शेवंताने विचारलं, 'कसे होते हो मराठी लोक?' तर म्हणाला, 'चांगले होते. चहा दिला.' एवढंच. इतकी वर्षं झाली, त्याने बायकोला पुढचं सांगितलं नाही. पुढचं सांगायला तोंड उघडलं की त्याला त्या ओल्या फडक्याचा वास यायचा, आणि तो दुसरंच काही बोलायचा.

नशीब असं की विजय नगरात त्याने फंडाच्या पैशातून घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी मागचंच घर पोतनीसांनी घेतलं. तोवर भय्यासाहेबांचं निम्मं भान गेलं होतं. ते बाथरूममध्ये पडले, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून सकाळचं दुपारी आठवेना. वसुधाबाईंनी भिंतीवरून त्याची पाटी वाचली. 'अय्या, बोरकर! मराठी का तुम्ही?' तोच सूर, तोच आनंद. देवीदास टक लावून बघत राहिला. ओळखेल, आता ओळखेल. पण त्या शेवंताशी साबुदाण्याच्या भावाबद्दल बोलू लागल्या होत्या. पुढे आठवड्याभरात त्यांनी हॉलच्या खिडकीतून भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब पाहिले असावेत, कारण 'कुठले' हे त्यांनी या खेपेला विचारलंच नाही. बोलणं गोडच राहिलं. दिवाळीला चकल्या आल्या, संक्रांतीला तिळाच्या वड्या आल्या, दर वेळी कागदी प्लेटमध्ये. आपल्यात ताट कधी रिकामं परत जात नाही, त्यात काहीतरी घालून पाठवतात. पण कागदी प्लेट परत जातच नाही, प्रश्नच मिटला. 'बरं आहे नं,' शेवंता म्हणायची, 'प्लेट धुवायची कटकट नाही. बाई चांगल्या आहेत हो.' देवीदास चकली खायचा. चकली खुसखुशीत असायची, तेच तर दुःख होतं.

तर त्या संध्याकाळी केतन गेला आणि दुसऱ्या दिवशी सातला दहा कमी असताना देवीदास गच्चीवर चढला. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे होते. एक निळा चिमटा त्याने काढला, डबा उघडला, पोतनीसांच्या चिठ्ठीची तार करंगळीएवढ्या वेटोळ्यात वळवली आणि वेटोळं चिमट्यात धरून ठेवलं. तोडलं काही नाही, कापलं काही नाही. मग कठड्याला टेकून, जुनं घड्याळ कानाशी धरल्यासारखा तो ऐकत राहिला. रोज बरोबर सातला टोरांटोहून पोतनीसांच्या मुलाचा, अनिमेषचा, फोन यायचा, तिकडे कामावर जाण्याआधीची सकाळ असायची. 'हॅलो? दिसतोस तू, पण तोंड हलत नाही रे. आवाज... हॅलो? बाबांना दाखव ना तुझा चेहरा. थांबला परत.' हॅलोंची एक माळ लागायची आणि प्रत्येक हॅलोगणिक देवीदासच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट जिभेवर गूळ ठेवल्यासारखं झालं. मग हे रोजचंच झालं. आठला तो चिमटा काढायचा, तार जागच्या जागी बसवायचा, झाकण लावायचा आणि जेवायला बसायचा. भूक चांगली लागायची. 'काहून हो, रोज सातलाच गच्चीवर जाऊन राहिले?' शेवंताने चौथ्या दिवशी विचारलं. 'हवा घ्यायला.' 'अन् कपडे तर मी पाचलाच काढले. मंग एक चिमटा त्या डब्यापाशी काहून पडून राहतो?' 'वाऱ्याने उडाला असेल,' तो म्हणाला. शेवंताने त्याच्याकडे बघितलं आणि पोळी वाढली. तिच्या बघण्यात काय होतं त्याचा त्याने विचार केला नाही.

केतनच्या फेऱ्या सुरू झाल्या. तो बिचारा यायचा सकाळी अकराला, आणि अकराला पोतनीसांची लाईन ठणठणीत असायची. त्याने राउटर बदलला, अॅडॅप्टर बदलला, गच्चीपासून घरापर्यंतची तार बदलली, राउटरचं चॅनल बदललं, फ्रिजजवळून उचलून पलंगाजवळ ठेवला. प्रत्येक वेळी जाताना जिन्यात देवीदासला भेटून डोकं खाजवायचा. 'अंकल, समझ में नहीं आ रहा. शाम को ही क्यों?' 'शाम को लोड रहता होगा,' देवीदास गंभीर चेहऱ्याने म्हणायचा. एकदा तर त्याने केतनला चहा पाजून रिछाईच्या गोष्टी सांगितल्या. कारखान्यांच्या भागात पावसाळ्यात खड्डा उपसून, गुडघाभर पाण्यात बसून, दोनशे जोड्यांची केबल तो एका बैठकीत कशी जोडायचा, आणि पुढच्या साहेबांनी 'बोरकर का जोड़ है, मत खोलो' असा शेराच कसा मारला होता. सांगताना त्याचा आवाज भरून आला. छत्तीस वर्षांत त्याने एकही जोड कच्चा सोडला नव्हता. लाईन बिघडवणं हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं. रात्री पडल्या पडल्या तो करंगळी चोळायचा. तांब्यात निदान सरळपणा होता. तार एकतर जुळलेली, नाहीतर तुटलेली. तुटली की ठणाणा करायची, माणूस जायचा, जोडायचा. ही काच वेगळी. तुटत नाही, बोलत नाही, दिसायला अखंड दिसते आणि आतला उजेड मात्र वळणावर गळून जातो. आपणही असेच आहोत का, असं एकदा त्याच्या मनात आलं. त्याने तो विचार झटकला. सुंभ जळेल तेव्हा जळेल, पीळ कशाला सोडा.

पण खरी गोष्ट अशी होती की त्याला नेट बंद पाडायचंच नव्हतं. त्याला बाईंना आठवायला लावायचं होतं. एवढंच हवं होतं त्याला: त्या बाईने एकदा, आपल्या तोंडाने, ते फडकं आठवावं. माफीबिफी काही नको, माफी मागणारे लोक मागून मोकळे होतात. पण हे असं कसं चालेल, की ज्याला लागलं त्याच्या डोळ्यापुढून एकतीस वर्षं ते फडकं हलत नाही आणि ज्यांनी फिरवलं त्यांच्या लेखी ते रोजच्या केरवाऱ्यात गेलं? रोज संध्याकाळी तो त्यांच्याकडून 'हॅलो हॅलो' वदवून घ्यायचा, जणू त्या हॅलोच्या टोकाला कधीतरी 'अरे, बोरकर!' येईल. येणार कसं? फोन कोणी बिघडवला हेच ज्याला माहीत नाही, त्याला शिक्षा झाली असं म्हणता येतं का? हा पेच त्याला बाराव्या-तेराव्या दिवशी कळला आणि त्यानंतर गूळ कडू लागू लागला. तरी चिमटा लावणं थांबलं नाही. सवय लागली होती.

एकोणिसाव्या दिवशी, चिमटा लावून तो खाली उतरला तर दारात वसुधाबाई उभ्या. शहात्तर वर्षांच्या, एका हाताने भिंत धरलेली, धाप लागलेली. 'बोरकरजी, तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना? जरा येऊन बघता का? त्या कंपनीच्या माणसाला काही उमजत नाहीये. माझ्याकडे दुसरं कोणी नाही हो.' शेवंता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. 'जा नं,' ती म्हणाली, 'तुम्हाला तर सगळं समजते.' ती हे कुठल्या सुरात म्हणाली, ते देवीदासला ओळखता आलं नाही. तो बाईंच्या मागून निघाला. चार वर्षांत त्या घरात त्याने पाय टाकला नव्हता. उंबऱ्यापाशी त्याचा पाय क्षणभर अडला; उंबरा वेगळा होता, घर वेगळं होतं, पण त्याचं डोकं आपोआप खाली झालं आणि तो फरशीवर पक्कड शोधू लागला.

आतल्या खोलीत भय्यासाहेब पलंगावर उशांना टेकून बसले होते. केवढे आक्रसले होते ते. त्या बंगल्यातला रुंद खांद्यांचा साहेब कुठेतरी गळून गेला होता आणि सदऱ्यात फक्त गळ्याजवळची हाडं उरली होती. समोर स्टुलावर टॅबलेट उभा केलेला, त्यात अनिमेषचा चेहरा अर्ध्या उघड्या तोंडाने गोठलेला, वर चकरी फिरत होती. पलंगाच्या कडेला वाटीत मऊ भात, वर तूप थिजलेलं. 'हे बघा,' बाई म्हणाल्या, 'रोज असंच. आणि हे जेवतच नाहीत हो. अनिमेष समोर बोलत असला की एकेक घास घेतात, तो बोलत राहतो, मी भरवत राहते, अर्ध्या तासात वाटी संपते. तो दिसला नाही की तोंड मिटून घेतात. एकोणीस दिवस झाले. डॉक्टर म्हणतात नळी घालावी लागेल.' त्या रडल्या नाहीत. वाटी उचलून त्यांनी तूप चमच्याने मोडलं, एक घास नवऱ्याच्या ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच राहिले. देवीदासने खुर्ची ओढली आणि कोणी बसा म्हटलं नसताना बसला. दिवस तर त्यानेच मोजले होते, एकोणीस, पण त्याच्या मोजण्यात ही वाटी कुठे नव्हती. आपण एका म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढत होतो. हे त्याला स्पष्ट, शब्दांत कळलं आणि शरमेने त्याचे कान तापले. पण त्या शरमेच्या खालीच ते दुसरं अजून जागं होतं, फणा काढून. त्याने राउटर हातात घेतला, उगाच मागच्या तारा चाचपल्या आणि घसा साफ करून विचारलं, 'मॅडम, पहिला फोन कधी घेतला होता तुम्ही?' 'अगंबाई, तो? नेपियर टाउनला. त्र्याण्णव साली. सात वर्षं वाट पाहिली होती.' 'कोणी बसवला?' बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने राउटर मांडीवर ठेवला. आत्ता. 'कोण जाणे,' त्या म्हणाल्या. 'आला होता कोणी लाईनमन. पण लाईन अशी लावून दिली हो, कधी खरखर म्हणून नाही.'

कधी खरखर म्हणून नाही. एकतीस वर्षांनीही त्याच्या हाताचं काम त्यांना आठवत होतं आणि हात आठवत नव्हता. 'गच्चीवरचा डबा बघून येतो,' असं म्हणून तो उठला. आपल्या घराचा जिना चढताना त्याने स्वतःला बजावलं की मी माफ केलेलं नाही. हे माफ करणं नाही. भात गार होतोय म्हणून चाललोय. गच्चीवर संधिप्रकाश होता, खालच्या रस्त्यावर चाटवाल्याची घंटी वाजत होती. त्याने डबा उघडला, निळा चिमटा काढला, वेटोळं बोटांनी हळूहळू सैल केलं. जुन्या दिवसांत जोड पुरा झाला की तो तारेवरून एकदा अंगठा फिरवायचा, तसा त्याने फिरवला. झाकण लावलं. चिमटा दोरीवर परत नेऊन लावला. मागच्या खिडकीतून एकाएकी पुरुषाचा आवाज खणखणीत आला, 'आई! दिसतेस! अगदी क्लिअर दिसतेस!' आणि देवीदासचे डोळे भरून आले, का ते त्याला कळलं नाही. बहुतेक काम नीट झाल्याचंच ते पाणी असावं.

तो खाली गेला नसता तरी चाललं असतं. पण राउटर उघडा टाकून आला होता, आणि अर्धं काम सोडायची त्याला सवय नव्हती. तो परत गेला तेव्हा खोलीत सण असल्यासारखं झालं होतं. अनिमेष बोलत होता, त्याच्या खांद्याशी त्याची मुलगी चिन्मयी, तेरा-चौदा वर्षांची, केस ओले, सुट्टीत घरी असलेली. भय्यासाहेब स्क्रीनकडे बघत होते आणि घास घेत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याची घाटी हलत होती. 'अनिमेष, हे बोरकरजी,' बाई म्हणाल्या, 'यांनी पाच मिनिटांत केलं बघ. त्या कंपनीवाल्याला तीन आठवडे जमलं नाही.' 'थँक्यू काका, कमाल केलीत,' अनिमेष म्हणाला. बाईंनी चहा आणला. कागदी कपात. 'हे बरं पडतं हो, एकटीला धुणं होत नाही,' त्या म्हणाल्या. देवीदासने कप घेतला आणि कुठून कोण जाणे, त्याला वाटलं की होऊ दे. खरंच धुणं होत नसेल. सगळ्यालाच काय धरून बसायचं. त्याने पहिला घोट घेतला.

भय्यासाहेबांनी तोंडातला घास गिळला आणि मान वळवली. इतका वेळ मेणासारखे असलेले डोळे देवीदासवर येऊन थांबले, आणि त्यात हळूहळू उजेड आला. 'अरे! बोरकर!' ते म्हणाले. आवाज साहेबाचा होता, दमदार. 'बसा, बसा. लागला का फोन?' 'लागला, साहेब,' देवीदास म्हणाला. 'शाबास. आपला माणूस आला की काम पक्कं.' बाईंचा चमचा वाटीत थांबला. भय्यासाहेब समाधानाने मागे टेकले, मग काहीतरी आठवल्यासारखं करून आवाज खाली आणून, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा, बायकोला म्हणाले, 'वसुधा, ते गेले की फोन पुसून घे. नीट, ओल्या फडक्याने. आणि कप बाहेर ठेव. त्यांच्यातले आहेत ते.'

वाटी बाईंच्या मांडीवर कलंडली. त्यांनी देवीदासकडे बघितलं आणि त्या नजरेत ते होतं, जे चार वर्षं भिंतीवरून शोधूनही सापडलं नव्हतं. त्यांना आठवलं होतं. जाळीचं दार, फडकं, पक्कड, सगळं. फोन पुसायला सांगणारा वेगळा होता तर. इतकी वर्षं त्याने सगळं एकट्या बाईंच्या नावावर टाकलं होतं. पण पक्कड उंबऱ्यावर ठेवायला काही भय्यासाहेबांनी सांगितलं नव्हतं, ती त्यांच्याच हाताने ठेवली होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. 'बोरकरजी, यांचं डोकं...' त्या पुटपुटल्या. स्क्रीनवर चिन्मयी जवळ आली होती. तिच्या कच्च्या, अडखळत्या मराठीत तिने वडिलांना विचारलं, 'बाबा, फोन का पुसायचा? त्याला काय लागलं?' अनिमेषचा चेहरा गोठला होता. या वेळी नेटमुळे नाही. त्याने मुलीचा खांदा धरून तिला बाजूला केलं, कॅमेऱ्यात वाकला आणि मोठ्याने म्हणाला, 'आई, आवाज तुटला इथे. बाबा काय म्हणाले ते कळलं नाही. परत नेट गेलं वाटतं.'

देवीदासने कोपऱ्यात राउटरकडे बघितलं. सगळे दिवे हिरवे होते, एकही मिटमिटत नव्हता. त्याचाच जोड होता, त्याला माहीत होतं. त्याने कागदी कप दोन्ही हातांत धरला, स्टुलाजवळ खुर्ची सरकवली आणि स्क्रीनमधल्या माणसाला, अगदी नीट, कामाच्या आवाजात सांगितलं, 'नाही तुटला. लाईन साफ आहे आता. तुम्हाला ऐकू आलं. मुलीने विचारलंय, तिला सांगा.'

टोरांटोमधलं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं, इतकी लाईन साफ होती. देवीदास चहा पीत बसला. सावकाश, एकेक घोट, कप रिकामा होईपर्यंत तो उठणार नव्हता.